घातलंय हो नाव, वहिनी

"घातलंय हो नाव, वहिनी." हे वाक्य जानेवारीतलं. ऑगस्ट संपता संपता ईली गावात परमिटच्या खिडकीपाशी उभी असताना ते कानात असं वाजलं की ते म्हणणाऱ्याच्या, शेजारी उभ्या असलेल्या बायकोकडे मला बघवेना.

आम्ही मिनिॲपोलिसला राहतो. इथून उत्तरेला चारेक तासांवर, कॅनडाच्या सीमेला लागून बाउंडरी वॉटर्स आहे. दहा लाख एकरांहून मोठं जंगल, हजाराहून जास्त तळी आणि त्यांना जोडणाऱ्या नद्या. १९७८ च्या कायद्यानंतर बहुतेक तळ्यांवर मोटारबोटीला बंदी आहे. वल्ह्याने कनू हाकायची, तळं संपलं की ती खांद्यावर घेऊन पायवाटेने पुढच्या तळ्याला जायचं. एका गटात जास्तीत जास्त नऊ माणसं आणि चार होड्या. १ मे ते ३० सप्टेंबर या काळात प्रत्येक प्रवेशजागेतून रोज ठरावीक गटच आत सोडतात आणि त्यांचं आरक्षण जानेवारीच्या शेवटच्या बुधवारी सकाळी नऊला उघडतं.

त्या बुधवारी नऊला मला ऑफिसात मीटिंग होती. नवऱ्याचा मित्र म्हणाला, "माझं अकाउंट आहे, मी करतो." आमची दोन्ही घरं मिळून सहा माणसं. परमिट गटप्रमुखाच्या नावावर निघतं आणि खिडकीवर त्यानेच ओळखपत्र दाखवून घ्यायचं असतं. ते दुसऱ्याला देता येत नाही. मात्र पर्यायी प्रमुख म्हणून आणखी तिघांची नावं घालायची सोय असते. मी त्याला हे फोनवर सांगितलं. संध्याकाळी तो चहाला आला तेव्हा पुन्हा विचारलं. तेव्हा तो ते वाक्य म्हणाला.

पुढचे सात महिने मी त्या सहलीतच राहत होते. जेवणाच्या टेबलावर फिशर कंपनीचा नकाशा पसरलेला. लेक वन, लेक टू, लेक थ्री, लेक फोर अशी सरळसोट नावांची तळी, त्यावर लाल ठिपक्यांनी दाखवलेल्या तंबूच्या जागा. मी पेन्सिलीने गोल करून ठेवले होते. २०११ च्या पगामी क्रीक वणव्यात जळालेला भाग कुठून सुरू होतो, तिथे सावली कितपत मिळेल, हेही वाचून काढलं होतं. पायवाटांची लांबी तिथे रॉडमध्ये मोजतात. एक रॉड साडेसोळा फूट, म्हणजे साधारण एका कनूएवढा. माझी तेरा वर्षांची मुलगी पाठ्यपुस्तकातले मैल सोडून रॉडमध्ये बोलायला लागली होती.

जेवणाचं तर विचारूच नका. आत टिनचे हवाबंद डबे आणि काचेच्या बाटल्या नेता येत नाहीत, म्हणजे लोणच्याची बरणी गेली. मी मंद आचेच्या ओव्हनमध्ये कांदा वाळवला. फोडणी घालून रवा भाजला, वरून उकळतं पाणी ओतलं की उपमा तयार. मुगाच्या खिचडीच्या पुड्या केल्या, प्रत्येकीत हळद, हिंग, जिरं मोजून. मेतकूट, भडंग, दोन दिवस टिकतील अशा दशम्या. प्रत्येक पिशवीवर मार्करने लिहिलं: शनिवार रात्र, रविवार सकाळ. अस्वलांमुळे अन्न एक तर खास पिंपात ठेवायचं किंवा दोरीने उंच टांगायचं. मी मागच्या अंगणातल्या मेपलवर पंधरा किलोची पिशवी चढवायचा सराव केला.

निघायच्या आदल्या आठवड्यात सांगलीत मित्राचे वडील घसरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. तो मिळेल त्या विमानाने गेला. जायलाच हवं होतं, मीही तेच केलं असतं. "तुम्ही जा, पोराचा हिरमोड नको," असं त्यानेच बायकोला सांगितलं. म्हणून आम्ही पाच जण निघालो.

खिडकीवरच्या बाईंनी नंबर टाकला, पडद्याकडे पाहिलं आणि विचारलं, "हे गृहस्थ आलेत का?" मी म्हटलं, "नाही, पण पर्यायी नावांत माझं आहे." त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. तीन रकाने. तिन्ही रिकामे.

त्या बाईंचा काहीच दोष नव्हता. नियम मलाच तोंडपाठ होता. पण मला दाटून आलं ते परमिट गेलं म्हणून नाही. दहा सेकंदांचं काम होतं. दोनदा विचारलं होतं. आणि त्याने "विसरलो, बघतो" असं म्हटलं नाही, "घातलंय" म्हटलं. नवरा म्हणाला, "आता त्याला काय विचारणार? तो दवाखान्यात बसलाय." खरं होतं. म्हणूनच जास्त झोंबलं. ज्याच्यावर चिडायचं त्याच्यावर चिडायची सोयच उरली नव्हती. बायकांनी केलेली तयारी सगळ्यांना दिसते, पण कागदावर नाव घालायची वेळ आली की ते सहज राहून जातं, हे मी माझ्या आईच्या घराच्या कागदांतही पाहिलंय. कुणी मुद्दाम करतं असं नाही. मुद्दाम केलं असतं तर निदान भांडता आलं असतं.

बाईंनी शोधून दिलं: साउथ हेगमन, कुणीतरी त्याच सकाळी रद्द केलेलं. आम्ही आमचं नाव सांगून घेतलं. माझं नाव. आमचं मूळ परमिट होतं त्या लेक वनला गाडीतून उतरून थेट पाण्यात जाता येणार होतं. इथे आधी ऐंशी रॉडची वाट, म्हणजे चारशे मीटर, शेवटी तळ्याकडे उतरणाऱ्या पायऱ्या. केवलारची कनू एकोणीसेक किलोची. ती मी घेतली. जू खांद्यावर बसलं की डोकं होडीच्या आत जातं आणि समोर फक्त दोन पावलांची जमीन दिसते: मुळं, पाइनच्या सुया, ओला दगड. आतमध्ये आपलाच श्वास मोठ्याने ऐकू येतो. मी एकदाही थांबले नाही. रागात बळ असतं, हे तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी नॉर्थ हेगमनच्या कड्यावरची चित्रं पाहिली. पाण्याच्या वर, उभ्या खडकावर, गेरूसारख्या लाल रंगात हात पसरलेला माणूस, मूस, होड्या. हात लावायचा नसतो, होडीतूनच बघायचं. दोन्ही मुलं वल्ही आडवी ठेवून गप्प बसली होती. लेक वनला गेलो असतो तर हे दिसलंच नसतं. तरी लेक वन गेलं, ही सल कमी झाली नाही.

त्या रात्री मेतकूट-भात खाताना त्याची बायको एकदम म्हणाली, "त्याने माझंही नाव घातलं नव्हतं." मी काही बोलले नाही. तळ्यावर कुठेतरी लून पक्षी ओरडला, मग दुरून दुसऱ्याने साद दिली. आम्ही दोघींनी भांडी घासली आणि अन्नाची पिशवी चढवली. दोरी तिने ओढली.

मित्र ऑक्टोबरात परतला. वडील काठी घेऊन चालायला लागले होते. त्याने विचारलं, "मिळालं ना परमिट शेवटी?" मी "हो" म्हटलं. त्या वेळी वाटलं होतं, आता याच्याबरोबर पुन्हा जायचं नाही.

यंदाच्या जानेवारीत मी रजा टाकून पावणेनऊपासून लॅपटॉपपुढे बसले. गटप्रमुख मी. पहिला रकाना त्याच्या बायकोचा, दुसरा माझ्या नवऱ्याचा. तिसऱ्यावर नवऱ्याचं आणि माझं वाजलं, जागा भराभर जात होत्या, आणि तो रिकामाच पुढे गेला. संध्याकाळी मित्राचा फोन आला. "वहिनी, नकाशा या वेळी मी आणतो. कुठला घेऊ?"

मी नंबर सांगितला. त्याने तो दोनदा म्हणून दाखवला.