हवे ते आणि नको ते

आमच्या ग्रंथालयात कार्डांच्या खणांची जागा आता संगणकाने घेतली आहे. पडद्यावरील चौकटीत एखादे नाव टंकले की यादी हजर! बहुतेक जण तेथेच थांबतात. शेजारी बारीक अक्षरांत ‘प्रगत शोध’ अशी पाटी असते, तिच्याकडे सहसा कोणी फिरकत नाही. मला मात्र प्रश्न नेमका कसा विचारावा, याचे पहिले धडे तिनेच दिले.

नुसते ‘टिळक’ टंकून पाहा. लोकमान्य, रेव्हरंड ना. वा. टिळक आणि लक्ष्मीबाई एकाच पंगतीला येऊन बसतात. प्रगत शोध मात्र आधी आपल्यालाच विचारतो, ‘बाबा रे, टिळकांनी लिहिलेले हवे की टिळकांविषयी लिहिलेले?’ लेखक, शीर्षक आणि विषय यांची घरे तेथे वेगवेगळी आहेत. ती भरताना कळते की, आपल्याला काय हवे याचा विचार आपण केलेलाच नव्हता.

शब्द जोडण्यासाठी तेथे तीन शब्द मिळतात : आणि, किंवा, वगळून. त्यांचे तर्कशास्त्र जॉर्ज बूल या इंग्रज गणितज्ञाच्या १८५४ मधील ग्रंथातून आलेले आहे. ‘आणि’ने यादी वाढत नाही, आक्रसते, वाढते ती ‘किंवा’ने. आपल्या मराठीत तर ‘किंवा’वाचून गत्यंतर नाही. ‘विशाखा’चे कवी कुसुमाग्रज आणि ‘नटसम्राट’चे नाटककार वि. वा. शिरवाडकर एकच, हे आपण जाणतो. तालिकेत तशी नोंद नसेल, तर यंत्राला ते कोण सांगणार? ‘वगळून’ मात्र जपून वापरावे. नको ते काढताना हवे तेही जाते.

सर्वांत मोठा धडा ताराबाई शिंदे यांच्या पुस्तकाचा. ‘स्त्री-पुरुष तुलना’ १८८२ साली पुण्यात छापली गेली आणि पुढे विस्मरणात गेली. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ती पुन्हा प्रसिद्ध केली, म्हणून आज आपल्यापर्यंत पोहोचली. आता एखाद्याने एकोणिसाव्या शतकातील लेखन हवे म्हणून १९०० पूर्वीची वर्षे घातली, आणि ग्रंथालयात १९७५ ची आवृत्तीच असली, तर पडदा कोराच राहील. कारण तालिका आवृत्तीचे वर्ष पाहते, लेखनाचे नव्हे. ‘स्त्रीपुरुष’ जोडून लिहिले की मध्ये रेघ देऊन, यावरही शोध अडू शकतो. एकदा विस्मृतीत गेलेली बाई केवळ एका रेघेपायी पुन्हा हरवावी?

म्हणून ‘काही आढळले नाही’ हे वाक्य मी आता अखेरचे मानत नाही. वर्षाची अट काढतो, लेखन बदलून पाहतो, विषयाच्या घरातून शिरतो, आणि तरीही न मिळाल्यास ग्रंथपालांना गाठतो. प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा, असे डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्येच सांगून ठेवले. कपाटातले पुस्तक बिचारे उठून येऊ शकत नाही. चार पावले आपणच चालायची.