‘आज बसायचं का?’

‘दारू प्यायला जाऊ’ असं आपल्याकडे सहसा कोणी म्हणत नाही. ‘आज बसायचं का?’ असं विचारतात. माणूस बारमध्ये का जातो, याचं अर्धं उत्तर या ‘बसण्यात’ आहे. म्हणून ‘किती पिता?’ याबरोबरच मी रुग्णांना विचारतो, ‘कुठे बसता? कोणाबरोबर?’

कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलाला खोलीत निवांत टेकायला जागा नसते. सेल्समनला वाटतं, साहेबांबरोबर बसलो नाही तर आपण गटाबाहेर पडू. निवृत्त गृहस्थ सांगतात, ‘तिथला वेटर नावाने विचारपूस करतो, घरी कोणी बोलत नाही.’ आणि अनेक पुरुषांना मनातलं बोलायला हातात ग्लास लागतो.

दारूने मेंदू काही तास शांत होतो, ताण हलका वाटतो. पण झोप तुटक लागते आणि सकाळी बेचैनी वाढते. शिवाय मेंदू जागाही लक्षात ठेवतो. तीच गल्ली, तीच वेळ, तोच चकणा समोर आला की तलफ येते. म्हणून नुकतीच सोडलेल्याने ‘मी नुसता सोबत बसतो’ म्हणणं धोक्याचं.

तुम्ही एक करून पाहा. आठवडाभर लिहून ठेवा: कोणत्या दिवशी गेलो, कोणाबरोबर, जाण्याआधी काय घडलं होतं. कारण एकटेपणा असेल, तर दारू सोडताना बसायला दुसरी जागाही शोधावी लागेल. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभा आज आपल्याकडेही भरतात. तिथेही संध्याकाळ असते, खुर्च्या असतात आणि ऐकून घेणारी माणसं असतात. फक्त दारू नसते. पुण्याचं ‘मुक्तांगण’ १९८६ पासून व्यसनमुक्तीचं काम करत आहे.

एक महत्त्वाचं: रोज भरपूर पिणाऱ्याने स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नये. हात थरथरणं, फिट येणं, भ्रम होणं असे त्रास पहिल्या काही दिवसांत होऊ शकतात, ते जिवावरही बेततात. आधी डॉक्टरांना भेटा. मन मोकळं करायला टेली मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे.

आणि घरच्यांनो, ‘पुन्हा गेलात?’ असं विचारण्याआधी एकदा ‘आज दिवस कसा गेला?’ असं विचारा. उत्तर पूर्ण होईपर्यंत शेजारी बसा.