शहराचा जमाखर्च

गेल्या पावसाळ्यांत आमच्या येथें कामास येणाऱ्या बाई दोन दिवस आल्या नाहींत. नाल्याचें पाणी त्यांच्या खोलींत शिरलें होतें. तिसऱ्या दिवशीं आल्या, तेव्हां आमच्या टेबलावर शहराचें अंदाजपत्रक पडलें होतें. आम्ही अर्थशास्त्राचे अध्यापक. असे ग्रंथ आमच्या टेबलावर शोभेस असावयाचेच. बाईंनीं तें उचलून त्याचें वजन पाहिलें व विचारलें, "साहेब, एवढ्या जाड पुस्तकात आमचा नाला कुठं आहे?"

आम्ही मोठ्या आत्मविश्वासानें पानें उलटूं लागलों. तीस वर्षें मुलांस सरकारी आयव्यय शिकविणाऱ्यास एक नाला सांपडूं नये काय? परंतु सांपडेना खरा. गटारें व पावसाळी नाले यांच्या सदराखालीं एक ढोबळ रक्कम होती. ती कोणत्या प्रभागाची, कोणत्या नाल्याची, याचा पत्ता नव्हता. गतवर्षाचा प्रत्यक्ष खर्च, चालू सालचा अंदाज, सुधारित अंदाज, पुढील सालचा अंदाज, असे आंकड्यांचे चार रकाने डोळ्यांपुढें नाचत होते.

अखेर आमच्या सौभाग्यवती चष्मा लावून जवळ बसल्या. घरखर्चाची वही त्या पंचवीस वर्षें लिहीत आल्या आहेत. दुसऱ्या संध्याकाळीं त्यांनीं एका परिशिष्टांत नाल्याच्या भिंतीसाठीं धरलेली रक्कम शोधून काढली. खर्चाच्या रकान्यांत मात्र शून्य होतें. चौकशी करतां कळलें कीं, त्या रकमेचें 'वर्गीकरण' झालें. म्हणजे एका कामाचे पैसे दुसऱ्या कामाकडे वळले. तें दुसरें कामही कदाचित् अगत्याचें असेल. आमची तक्रार एवढीच कीं, ज्यांच्या घरांत पाणी शिरलें त्यांस तें कोणी सांगितलें नाहीं. "दळणाचे पैसे दुधाला गेले, तर मी पुढं तसं लिहिते," असें सौभाग्यवती म्हणाल्या.

कोणी म्हणेल, अंदाजपत्रक गुप्त कोठें आहे? खरें आहे. आयुक्त तें स्थायी समितीपुढें मांडतात, सर्वसाधारण सभेंत त्यावर भाषणें होतात, आणि आतां तें संगणकावरही पाहावयास मिळतें. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचें चौथें कलम तर तरतूद व खर्च न मागतांच प्रसिद्ध करावयास सांगतें, आणि तेंही स्थानिक भाषा ध्यानांत घेऊन. पुण्यानें २००६ च्या सुमारास नागरिकांकडून प्रभागांतील कामें सुचवून घेण्याची चाल पाडली, तिचें कौतुकच केलें पाहिजे. परंतु मागील खर्च समजल्यावांचून पुढील काम सुचविणें म्हणजे डब्यांत काय उरलें आहे हें न पाहतां वाण्याची यादी करणें होय.

उघडें असणें आणि उमगणें यांत अंतर आहे. आम्हांस वाटतें, प्रत्येक प्रभागास एक ताव पुरे: काम कोणतें, रक्कम किती, खर्च किती, आणि पैसे वळविले असल्यास कोठें व कां. तो ताव प्रभाग कार्यालयाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लागावा. संगणकावर ठेवावयाचा तो पानांच्या छायाचित्रांच्या रूपानें नव्हे, तर ज्याची बेरीज कोणासही करून पाहतां येईल अशा तक्त्याच्या रूपानें.

बाईंस आम्हीं तें पान दाखविलें. शून्यावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "म्हणजे आमचा नाला पुस्तकात होता तर!" त्यांच्या स्वरांत रागापेक्षां नवलच अधिक होतें. आमची तीस वर्षांची विद्वत्ता तेव्हां थोडी ओशाळली. यंदाचें पुस्तक येईल, तेव्हां पहिल्यानें तें पान आम्ही तिघें मिळून पाहणार आहों.