येतो म्हणावे

आमच्या कपाटाच्या खालच्या खणात एफसी गोवाची एक केशरी जर्सी घडी घालून ठेवलेली आहे. २०१९ साली म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात घेतलेली. तिच्या पाठीवर मुलाने काळ्या पेनाने 'मंदार' असे लिहिले होते. धुऊन धुऊन अक्षरे निम्मी पुसली, पण अजून वाचता येतात.

खरे म्हणजे आम्ही पेडणेकर काही फुटबॉलवेडे नव्हे. आमच्याकडे दशावतार, भजन आणि कापणी झालेल्या शेतातले क्रिकेट. फुटबॉल हा सासष्टीचा खेळ, अशीच आमची समजूत. पण मंदार राव देसाई म्हापशाचा, म्हणजे कोलवाळचा पूल ओलांडला की आलेच त्याचे गाव. धेंपोकडून खेळून २०१४ साली तो एफसी गोवात आला. डाव्या बगलेवरून धावणाऱ्या या मुलाला पुढे प्रशिक्षक लोबेरा यांनी बचावफळीत आणले, तिथेही तो रुळला. त्याच्यामुळे आमच्या घरात फुटबॉल आला.

१७ मार्च २०१९ चा अंतिम सामना आम्ही सगळ्यांनी मिळून पाहिला. सौ.चे माहेर बेळगावचे. त्या दिवशी सासूबाई आमच्याकडेच होत्या आणि अर्थातच बंगळुरूच्या बाजूने. ११७ व्या मिनिटाला राहुल भेकेने हेडर मारला आणि गोवा हरला. सासूबाई टाळ्या वाजवू लागल्या तसा मुलगा रडवेला होऊन म्हणाला, "अज्जी, गोल तर मराठी माणसाने केला!" त्यावर दोन्ही भाषांत बरीच चर्चा झाली.

पुढच्या हंगामात गोव्याने साखळीत पहिला क्रमांक मिळवून शील्ड जिंकली. पण त्याआधीच लोबेरांना क्लबने दूर केले होते. २०२० साली ते मुंबई सिटीकडे गेले आणि त्यांच्या पाठोपाठ बुमूस, जाहू, फाल आणि आमचा मंदारही. दोन हंगामांत सर्वाधिक गोल करणारा कोरोही गोवा सोडून गेला. परदेशी पाहुणे कधीतरी जाणारच, हे मनाने धरलेले होते. मंदारचे मात्र जिव्हारी लागले. "पैशासाठी विकला गेला," असे मी मुलासमोर म्हटले. मुलगा तेव्हा तेरा वर्षांचा होता. तो काही बोलला नाही, त्याने जर्सी काढून खणात ठेवली.

त्या वर्षी कोरोनामुळे सगळे सामने गोव्यातच, रिकाम्या मैदानांवर झाले. मार्च २०२१ मध्ये उपांत्य फेरीत गोवा आणि मुंबई समोरासमोर आले. दोन्ही लढती बरोबरीत सुटल्या आणि पेनल्टींवर मुंबईने ६-५ अशी बाजी मारली. फातोर्ड्यालाच अंतिम सामना जिंकून करंडक मुंबईने नेला. आपल्याच मातीवर आपलाच मुलगा दुसऱ्याच्या निळ्या जर्सीत आनंद साजरा करतो, हे मला पाहवेना. मी टीव्ही बंद केला.

२०२४ मध्ये मुलाला बंगळुरूच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. त्याच वर्षी ब्रँडन फर्नांडिसही गोवा सोडून मुंबईला गेला. ती बातमी वाचून मी नेहमीप्रमाणे पुटपुटलो. मुलगा बॅग भरत होता. वर न बघताच म्हणाला, "बाबा, मी चाललोय त्याला काय म्हणणार?"

मला उत्तर देता आले नाही. वीस वर्षे मी वर्गात शिकवतो. विद्यार्थ्याला पुण्यात किंवा बंगळुरूत नोकरी लागली की पेढे खातो, त्यांच्यासाठी शिफारसपत्रे लिहितो. 'गाव सोडलेस' असे मी एकालाही म्हटलेले नाही. खेळाडूच्या पायांत बळ असते दहा-बारा वर्षे. मंदारने त्यातले सहा हंगाम आपल्याला दिले आणि अठ्ठाविसाव्या वर्षी तो गेला. मला वाईट वाटले होते, एवढेच खरे होते. पण वाईट वाटले असे म्हणण्यापेक्षा रागावणे सोपे असते. बापमाणसांना तर फारच सोपे.

निघताना मुलगा सवयीने "जातो" म्हणाला. सौ.ने लगेच टोकले, "जातो नाही, येतो म्हणावं." बेळगावहून फोनवर सासूबाई म्हणाल्या, "होगि बा." जा आणि ये. निरोप देताना कन्नड काय, मराठी काय, नुसते 'जा' कोणी म्हणत नाही, आधी परतीची वाट मोकळी ठेवतात.

मंदार गेला तेव्हा मला हे सुचले नव्हते. त्या संध्याकाळी मुलासमोर मी एवढेच म्हणायला हवे होते, की जाऊन ये बाबा, आम्हाला तुझी आठवण येईल.