हॅलोची हाक

मोबाइलवर एक कहाणी पुन्हा पुन्हा फिरत येते. टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल याच्या प्रेयसीचं नाव म्हणे मार्गारेट हॅलो होतं आणि फोनवर त्याने पहिल्यांदा तिलाच साद घातली. कहाणी गोड आहे, पण खरी नाही. 1877 साली बेलने लग्न केलं ते मेबल हबर्डशी. बालपणीच्या आजारात मेबलची श्रवणशक्ती गेली होती. ज्या यंत्राने नवऱ्याचं नाव जगभर गाजलं, त्यातून त्याचा आवाज तिला कधीच ऐकू येणार नव्हता. खोट्या मार्गारेटपेक्षा ही खरी मेबलच मनाला जास्त लागते.

बेलला तर ‘हॅलो’ नकोच होता. त्याला आवडायचा ‘अहॉय’, खलाशांनी दुसऱ्या जहाजाला घालायचा पुकारा. ‘हॅलो’ सुचवला थॉमस एडिसनने, 15 ऑगस्ट 1877च्या पत्रात. हा शब्द दहा-वीस फुटांवरूनही ऐकू जातो, मग वेगळी घंटा कशाला, असा त्याचा रोखठोक हिशेब. आणि हा हिशेब मांडणाऱ्या एडिसनलाही लहानपणापासून कमीच ऐकू यायचं!

शब्द त्याच्या पदरचा नव्हता. ‘हॅलो’, ‘हॅलू’, ‘होला’ ही सगळी एकाच गोतातली मंडळी. कुणी शिकारी कुत्र्यांना चेव आणायला ओरडायचं, कुणी पैलतीरावरच्या नावाड्याला होडी घेऊन बोलवायचं. नमस्काराशी त्याचं मूळचं नातं नाहीच. नमस्कार समोरच्याला करायचा. हॅलो मधल्या अंतराला उद्देशून.

म्हणून 2022मध्ये महाराष्ट्र सरकारने कर्मचाऱ्यांना फोनवर ‘हॅलो’ऐवजी ‘वंदे मातरम’ म्हणायला सांगितलं, तेव्हा अभिवादनाची सोय झाली, हाकेचं काय? सभेच्या मांडवात माइक हाती आला की आपण आधी ‘हॅलो, हॅलो’ करतो, ते काही श्रोत्यांची विचारपूस करायला नव्हे. आवाज पोचतोय की नाही, एवढंच बघायचं असतं.

आता कोणाचा फोन आहे ते स्क्रीनच सांगते, त्यामुळे सुरुवातीचा हॅलो निव्वळ रिवाज उरला आहे. खरा हॅलो येतो बोलण्याच्या मध्येच. घाटात रेंज जाते, आईचं वाक्य अर्ध्यावर तुटतं, आणि आपण गाडीतल्या बाकीच्यांची पर्वा न करता ‘हॅलो? हॅलोऽऽ!’ ओरडू लागतो, नावाड्याला बोलावणाऱ्या त्या वाटसरूइतक्याच निकडीने.