जात्यातली वैरण

आत्याच्या ओव्या पेनड्राइव्हवर घ्यायच्या, एवढंच काम होतं. माजलगावच्या भीमनगरात १९९६ साली ध्वनिमुद्रित झालेल्या ओव्या ऐकल्यापासून माझ्या मनात ते होतं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसोबत जमवलेल्या लाखाहून जास्त ओव्यांत आपल्या बीड जिल्ह्यातल्या बायांचे आवाज आहेत. मग आत्याचाही राहिला पाहिजे. माळवदाच्या खोलीतलं जातं धुऊन घेतलं, ती दळायला बसली, मी मोबाईल धरला. अकरा ध्वनिमुद्रणं झाली. ती लॅपटॉपवर उतरवली आणि मोबाईल भरला म्हणून त्यातली पुसली.

लॅपटॉप भाच्याचा जुना, लिनक्सवाला. त्यावर चित्रं नाहीत, काळा पडदा आणि लुकलुकणारी खूण. पेनड्राइव्ह खोचला तरी काही घडेना. भाच्याला फोन लावला.

"मामा, एलएसबीएलके टाका."

जोडलेल्या डिस्कांची यादी आली. १६ जीबीचा पेनड्राइव्ह तिथे पंधराच्याही आत दिसत होता, त्यामुळे मी गोंधळलो. विकणारे हजाराने मोजतात, संगणक १०२४ने, म्हणून तो फरक. आपला तो एसडीबी१. पण सापडला म्हणजे उघडला असं नाही. लिनक्समध्ये सगळ्या फोल्डरांचं एकच झाड असतं. बाहेरून आलेली वस्तू त्यातल्या एका रिकाम्या फोल्डरवर टांगावी लागते, भिंतीतल्या खुंटीला पिशवी अडकवावी तशी. हेच माउंट करणं. फोल्डर रिकामं नसेल तर आतलं सामान पिशवीमागे झाकलं जातं. नष्ट होत नाही, पण दिसत नाही.

तसा टांगला आणि फायली हलवायची आज्ञा दिली. क्षणात खूण परत आली. झालं, असं मला वाटलं.

काढताना 'अनमाउंट' लिहिलं, तर अशी आज्ञाच नाही म्हणे. त्यात पहिला 'न' नसतो, 'यूमाउंट' लिहायचं, हे भाच्याने सांगितलं. तसं लिहिलं तर 'टार्गेट इज बिझी'. कोण बिझी, मला कळेना. भाचा तोवर कामाला गेलेला. बीडची एसटी चुकेल म्हणून पेनड्राइव्ह उपसला आणि निघालो.

बीडला बहिणीकडे लावला. सात ओव्या वाजल्या. चार फायलींचा आकार शून्य. आणि मी नक्कल न करता फायली हलवल्या होत्या, म्हणजे लॅपटॉपवरही काही उरलं नव्हतं.

रात्री भाच्याने समजावलं. बिझी मीच होतो: त्याच फोल्डरात शिरून बसलेलो, पिशवीत हात घालून ती खुंटीवरून काढू पाहत होतो. आधी 'सीडी' लिहून बाहेर यायचं. आणि खूण परत आली म्हणजे लिहून झालं असं नसतं. संगणक माल आधी स्वतःच्या स्मरणात घेतो, मग सवडीने पेनड्राइव्हवर उतरवतो. मला जातं आठवलं. वैरण तोंडात टाकली म्हणजे पीठ पडलं नव्हे. 'यूमाउंट' सगळी वैरण दळून होईस्तोवर थांबतं.

परत आल्यावर आत्याला त्या चार ओव्या पुन्हा म्हणायला सांगितलं.

"तवा दळता दळता आल्या, बाळा. आता कुठून आणू?"

तरी ती जात्याशी बसली. दुसऱ्याच तीन आल्या. या वेळी नक्कल केली, फोल्डरातून बाहेर आलो, 'यूमाउंट' लिहिलं. खूण लवकर परत आली नाही. पेनड्राइव्हचा दिवा लुकलुकत होता. मी हात मांडीवर ठेवून बसून राहिलो.