पडद्यावरची चित्रे, पोरांच्या गोष्टी

मोबाईलच्या खेळापायी आज घराघरांत कटकट आहे. आई ओरडते, पोर ऐकत नाही. खेळ चांगला की वाईट, यावर आपण तावातावाने बोलतो. पण खेळताना पोराच्या मनात काय चालते, हे त्याला कुणी विचारत नाही. म्हणून गेल्या वर्षावासात नालासोपाऱ्यातील आमच्या विहारात आम्ही महिला मंडळाच्या भगिनींनी मुलांची एक जगावेगळी स्पर्धा घेतली.

खेळताना पडद्यावरचे चित्र टिपून ठेवता येते. मुले त्याला स्क्रीनशॉट म्हणतात. असे तीनच स्क्रीनशॉट आणायचे आणि त्यांवरून गोष्ट सांगायची. कितीजणांना मारले, किती गुण मिळाले, हे सांगायचे नाही. परीक्षक म्हणून आम्ही जन्मात मोबाईलवर न खेळलेल्या आज्या बसवल्या!

ही कल्पना आमची नव्हे. २००० साली ‘द सिम्स’ हा घरसंसाराचा खेळ निघाला. त्यातली चित्रे टिपून, खाली मजकूर लिहून कुटुंबाचा अल्बम करता येत असे. लोकांनी त्यातून कथा रचल्या. २००९ साली त्याच खेळाच्या तिसऱ्या भागात इंग्लंडमधील एका खेळाडूने बेघर बापलेक उभे केले. बाप केव्ह तापट, मुलगी अ‍ॅलिस मायाळू. डोक्यावर छप्पर नाही, पोटाला पुरेसे नाही. तरी कमाई हाती येताच ती पोर ती दान करून टाकते. ही कथा देशोदेशी वाचली गेली.

चित्रांतून कथा सांगणे आपल्याला परके नाही. आपल्याच सोपाऱ्याचा दासीपुत्र पूर्ण व्यापारी झाला, पुढे भिक्खू झाला. त्याची कथा अजिंठ्याच्या २ क्रमांकाच्या लेणीत रंगवलेली आहे. संकटात सापडलेले भावाचे जहाज त्या भिंतीवर दिसते. पण चित्र मुके असते. त्याला बोलते करायला सांगणारा लागतो.

आमची मुलेही बोलली. एकाने उलटलेली गाडी दाखवून, ड्रायव्हरच्या घरी निरोप कसा पोचला ते सांगितले. एका मुलीने ठोकळ्यांचे गाव बांधले होते. त्या गावात नळाला चोवीस तास पाणी, टँकर ठाऊकच नाही! आज्या पोट धरून हसल्या.

सातवीतल्या एका मुलाच्या तिन्ही चित्रांत एकच रिकामे घर होते, खिडकीत दिवा. तो म्हणाला, “यातले पप्पा पहाटेच्या विरार लोकलने जातात, सगळे झोपल्यावर येतात. म्हणून ते चित्रात नाहीत.”

एका आजीने विचारले, “मग बाळा, दिवा कोण लावतं?”

“मीच.”

विहारात कुणी बोलेना. त्याचे वडील त्या दिवशीही ड्युटीवर होते. पहिले बक्षीस, कंपासपेटी, त्यालाच मिळाले.

या स्पर्धेने मोबाईलचे वेड गेले नाही. अभ्यासाच्या वेळी तो आजही काढूनच घ्यावा लागतो, आणि घ्यावाच. पण १९२० साली बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ काढून ज्या समाजाला वाचा दिली, त्या समाजाच्या घरातले पोर मनातल्या मनात मुके राहू नये. मातापित्यांनो, रात्री मोबाईल काढून घेण्याआधी पाच मिनिटे पोराजवळ बसा आणि म्हणा, “तुझ्या खेळातली गोष्ट सांग.” खेळ कळला नाही तरी चालेल, आपले पोर कळेल.